घड्याळ म्हणतं गाढ झोपलात! स्मार्टवॉचच्या झोपेच्या आणि तब्येतीच्या नोंदी ताळ्यावर कशा आणायच्या

सकाळी उठून बघावं तर घड्याळात झोपेची नोंदच नाही. किंवा उलट, रात्रभर कूस बदलत काढली आणि घड्याळ म्हणतंय 'स्कोअर ८९, उत्तम!' दोन्ही वेळा निष्कर्ष ठरलेला: घड्याळ बिघडलं. सोसायटीतली आणि नात्यातली अशी 'बिघडलेली' घड्याळं 'जरा बघ ना' म्हणून माझ्याकडे येत असतात. त्यातली खरोखर बिघडलेली थोडीच. बहुतेक वेळा पट्टा ढिला असतो, नाहीतर फोनने घड्याळाचं ॲप परस्पर बंद करून टाकलेलं असतं. उरलेल्या तक्रारींत घड्याळ आपलं काम करत असतं, आपण त्याच्याकडून भलतंच काही मागत असतो.

म्हणून तपासायचा क्रम असा ठेवा: आधी मनगट, मग घड्याळातल्या सेटिंग्ज, मग फोन, आणि आकड्यांचा अर्थ सगळ्यात शेवटी. बरेच जण थेट फॅक्टरी रीसेट मारतात. त्यात घड्याळात पडून असलेल्या, फोनवर न पोचलेल्या नोंदी पुसल्या जातात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

घड्याळाला मुळात कळतं काय?

मुख्यतः दोनच गोष्टी: हात किती हलतोय आणि नाडी कशी चाललीय. हालचाल ॲक्सेलरोमीटर टिपतो. नाडीसाठी मागच्या बाजूचे हिरवे एलईडी कातडीवर उजेड टाकतात. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्यासरशी परत येणारा उजेड किंचित कमी-जास्त होतो, आणि शेजारचा सेन्सर तेवढा फरक पकडतो. ऑक्सिजनसाठी याच पद्धतीने लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश वापरतात. बाकी सगळं, म्हणजे गाढ झोप, हलकी झोप, ताण, 'एनर्जी', यावरून बांधलेला अंदाज असतो.

झोपेची खरी तपासणी, पॉलिसोम्नोग्राफी, करतात तेव्हा डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण रात्रभर नोंदवतात. एन१, एन२, एन३ आणि आरईएम हे झोपेचे टप्पे त्यावरून ठरतात. मनगटावर मेंदूच्या लहरी पोचत नाहीत. तेव्हा '१ तास १२ मिनिटं गाढ झोप' हा आकडा मिनिटापर्यंत काटेकोर दिसतो, पण मोजलेला नसतो.

यातून घड्याळाची सगळ्यात मोठी उणीव कळते. माणूस झोपलेला असला तर ते त्याला सहसा अचूक कळतं. जागा असून निपचित पडलेला असला तर कळत नाही. आमच्या मावशी जेवणं आटोपली की आडव्या होऊन मोबाइलवर मालिका बघतात. अंगठासुद्धा हलत नाही, नाडी शांत. घड्याळाच्या लेखी त्या वेळी त्यांची 'हलकी झोप' चाललेली असते. निद्रानाश असलेल्यांचं नेमकं हेच होतं: छताकडे बघत काढलेला तास झोपेत जमा होतो. हा दोष कुठल्याही सेटिंगने पूर्ण जात नाही, हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

पायरी १: मनगट

घड्याळ मनगटाच्या बाहेर आलेल्या हाडावर नको. त्याच्या वर, कोपराच्या बाजूला बोटभर अंतर सोडून बांधा. पट्टा इतका घट्ट हवा की हात हलवला तर घड्याळ सरकू नये, पण काढल्यावर खोल वळ उठू नये. दिवसा सैल आवडत असेल तर झोपताना एक भोक पुढे घ्या.

तपासायची सोपी युक्ती: दिवे घालवा, नाडीची मोजणी सुरू करा आणि मनगट बाजूने बघा. कडेतून हिरवा उजेड बाहेर सांडत असेल तर पट्टा सैल आहे किंवा घड्याळ हाडावर तिरकं बसलंय. जो उजेड बाहेर येतो त्याच वाटेने खोलीतला उजेड आतही जातो आणि मोजणी बिघडवतो. (काही घड्याळं रात्री डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड वापरतात, म्हणून ही तपासणी जागेपणी, नाडी मोजताना करा.)

मग घड्याळ पालथं करा. काचेवर घाम, तेल, सनस्क्रीन आणि साबणाचा मिळून एक धुरकट थर बसलेला असतो. ओल्या मऊ फडक्याने पुसून कोरडं करा. चार्जिंगच्या पिनाही पुसा. पावसाळ्यात त्यांवर हिरवट गंज चढतो, मग रात्रभर लावलेलं घड्याळ सकाळी १५ टक्क्यांवर मिळतं आणि दोष बॅटरीवर जातो. पट्ट्याखाली कातडी लाल होत असेल तर रोज अंघोळीनंतर मनगट आणि पट्टा दोन्ही पूर्ण कोरडे झाल्याशिवाय घालू नका, आणि दिवसातून तास-दोन तास हात मोकळा ठेवा.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, बांगड्या. त्या घड्याळाला सारख्या ढकलतात आणि त्यांचा प्रत्येक धक्का हालचाल म्हणून नोंदला जातो. रात्री काढायच्या नसतील तर घड्याळ बांगड्यांच्या वर चढवा किंवा ज्या हातात बांगड्या कमी त्या हातात घाला. दुसरी, गोंदण. गडद शाई प्रकाश शोषते. मनगटावर दाट गोंदण असलेल्या आजीच्या हातावर घड्याळ 'हातात घाला' असं सांगत राहतं किंवा नाडीच दाखवत नाही. उपाय एकच: दुसरा हात, किंवा गोंदण नसलेली जागा.

थंडीत बोटं गार पडतात तेव्हा मनगटाच्या कातडीतलं रक्ताभिसरणही मंदावतं. डिसेंबरच्या पहाटे नाशिकला फिरायला निघालात आणि पहिली दहा मिनिटं नाडी वेडीवाकडी दिसली तर घाबरू नका. अंग तापू द्या.

पायरी २: घड्याळातल्या सेटिंग्ज

कोणत्या हातात घालता ते ॲपमध्ये नीट सांगितलंय का बघा. वय, उंची, वजन आणि लिंगही. भेट आलेल्या घड्याळात दुकानदाराने घाईघाईत भरलेलं वय तसंच राहिलेलं मी अनेकदा पाहिलंय. त्यावरून काढलेले सगळेच अंदाज मग घसरतात.

झोपेची नोंदच होत नसेल तर या गोष्टी तपासा. ॲपल वॉचमध्ये 'ट्रॅक स्लीप विथ ॲपल वॉच' चालू हवं, झोपेचं वेळापत्रक लावलेलं बरं आणि झोपण्याआधी निदान ३० टक्के चार्ज हवा. फिटबिट झोपेचे टप्पे दाखवायला साधारण ३ तासांची सलग झोप मागतं. तेवढी नसेल तर फक्त एकूण वेळ दिसतो, हा बिघाड नव्हे. गार्मिनच्या ॲपमध्ये तुमची नेहमीची झोपायची-उठायची वेळ भरायची सोय आहे, ती भरा. स्वस्त घड्याळांत 'चोवीस तास नाडी' आणि 'वैज्ञानिक झोप' किंवा तत्सम नावाची बटणं मुळात बंद असतात, कारण ती चालू केली की खोक्यावर छापलेली दहा दिवसांची बॅटरी चार दिवसांवर येते. बटणं चालू करा आणि चार दिवसांवर समाधान माना.

पावर सेव्हर रात्रभर चालू ठेवण्याची सवय असेल तर मोडा. त्यात नाडीची मोजणी विरळ होते किंवा बंदच पडते, आणि झोपेचा अंदाज नुसत्या हालचालीवर उरतो. झोपताना बॅटरी टिकत नसेल तर चार्जिंगची वेळ बदला: अंघोळ आणि नाश्त्याचा पाऊण तास बहुतेक घड्याळांना पुरतो.

रात्रपाळी करणाऱ्यांचं दुखणं वेगळं. हिंजवडीत पहाटे चारला कॅब पकडून सकाळी सहाला झोपणाऱ्या माणसाची झोप बरीच ॲप्स 'दुपारची डुलकी' म्हणून बाजूला टाकतात किंवा दोन दिवसांत तोडून दाखवतात, कारण त्यांचं गणित रात्रीची एक मुख्य झोप धरून केलेलं असतं. वेळापत्रक बदलता येत असेल तर पाळीप्रमाणे बदला. येत नसेल तर ॲपमधली 'झोप हाताने भरा' ही सोय वापरा आणि स्कोअरकडे साफ दुर्लक्ष करा. तो तुमच्यासाठी बनलेलाच नाही. वामकुक्षीचंही तसंच. वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी अनेक घड्याळं झोपेत धरत नाहीत. ती धरली गेली नाही म्हणून कोणाचं काही बिघडत नाही.

पायरी ३: फोन (खरा गुन्हेगार बहुधा इथेच सापडतो)

लक्षण ओळखायला सोपं आहे. घड्याळाच्या पडद्यावर काल रात्रीची झोप दिसते, पण ॲपमध्ये नाही. किंवा ॲप उघडल्यावरच सगळं भराभर येतं. याचा अर्थ मोजणी ठीक आहे, वाहतूक अडलीय.

अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप्स बंद करतात, आणि शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी, सॅमसंग या कंपन्यांच्या फोनमध्ये ही शिस्त जरा जास्तच कडक आहे. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात घड्याळाचं ॲप, त्यात बॅटरी असं जा आणि 'अनरिस्ट्रिक्टेड' किंवा 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडा. शाओमी, विवो, ओप्पो आणि रिअलमीत शिवाय 'ऑटोस्टार्ट' किंवा 'ऑटो लाँच' अशा नावाची परवानगी वेगळी असते, ती द्या. सॅमसंगमध्ये यादीचं नावच 'स्लीपिंग ॲप्स' आहे. झोप मोजणारं ॲप त्या यादीत झोपलेलं सापडलं की हसू आवरत नाही. त्याला तिथून काढून 'नेव्हर ऑटो स्लीपिंग' यादीत टाका. फोनचं मोठं अपडेट आलं की हे सगळं पुन्हा तपासा, कारण कधी कधी सेटिंग्ज मूळ पदावर जातात.

परवानग्या बघताना 'निअरबाय डिव्हायसेस' विसरू नका. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथ जोडणीसाठी ती लागते. त्याआधीच्या फोनमध्ये लोकेशन चालू असावं लागतं. घड्याळाला लोकेशन कशाला हवं म्हणून लोक ते बंद करतात आणि घड्याळ सापडेनासं होतं.

जोडणी नेहमी घड्याळाच्या ॲपमधून करा. फोनच्या ब्लूटूथ यादीतून थेट जोडलं की घड्याळ 'कनेक्टेड' दिसतं, कॉलही येतात, पण नोंदी येत नाहीत. तसं झालं असेल तर ब्लूटूथ यादीतून 'फरगेट' करा, दोन्ही यंत्रं बंद करून चालू करा आणि ॲपमधून नव्याने जोडा. जुना फोन घरातच कुठेतरी चालू पडलेला असेल तर त्यातलं ॲप आधी काढा. तो मधूनच घड्याळ स्वतःकडे ओढतो.

पावलं दुप्पट दिसत असतील तर दोन-तीन ॲप्स एकाच ठिकाणी नोंदी ओतत असणार. आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये 'डेटा सोर्सेस' मध्ये जाऊन क्रम लावता येतो, वरच्याला प्राधान्य मिळतं. अँड्रॉइडमध्ये हेच काम हेल्थ कनेक्ट करतं, आणि अँड्रॉइड १४ पासून ते फोनमध्येच असतं. लिहिण्याची परवानगी घड्याळाच्या ॲपलाच ठेवा, बाकीच्यांची काढा.

आणि फॅक्टरी रीसेट? करा, पण एवढं सगळं झाल्यावर आणि ॲपमध्ये खातं उघडून सिंक पूर्ण झाल्याची खात्री केल्यावर. खातं न उघडता 'गेस्ट' म्हणून वापरणाऱ्यांच्या नोंदी बहुधा फोनसोबतच जातात.

पायरी ४: आकडा खरा की खोटा?

नाडीसाठी परीक्षा सोपी आहे. पाच मिनिटं शांत बसा, दुसऱ्या हाताची दोन बोटं अंगठ्याच्या बाजूला मनगटावर ठेवून ३० सेकंद ठोके मोजा, दुप्पट करा. घड्याळाच्या आकड्यात चार-पाचचा फरक असेल तर घड्याळ ठीक. पळताना मात्र एक गंमत होते: नाडीऐवजी पावलांची लय पकडली जाते. मिनिटाला १६५ पावलं पडतायत आणि नाडीही बरोबर १६५ वर खिळून बसलीय, तर संशय घ्या. थांबल्याबरोबर हाताने मोजून बघा. घड्याळ आणखी वर सरकवून आवळल्याने फरक पडतो. तेवढ्याने नाही भागलं तर छातीचा पट्टा घ्या, तो हृदयाचे विद्युत संकेतच टिपतो.

ऑक्सिजनचा आकडा एकदाच बघून घाबरायचं नाही. हात टेबलावर टेकवा, घड्याळ आवळा, बोलू नका, हलू नका, तीनदा मोजा. निरोगी माणसाचा आकडा साधारण ९५ ते १०० असतो. रात्री हातावर डोकं ठेवून झोपलात की मध्येच ८४ दिसून पुढच्या मिनिटाला ९६ होतो. तो दाबाचा परिणाम असू शकतो. शंका वाटली तर २०२१ च्या लाटेत घेतलेला बोटाचा ऑक्सिमीटर कपाटातून काढा, नव्या सेलवर चालवा आणि जोडीने ताडून बघा. बोटाचा ऑक्सिमीटरही निर्दोष नाही. सावळ्या कातडीवर तो खरा आकडा असतो त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, हे अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर आकडा काहीही असो, दवाखाना गाठा.

स्वस्त घड्याळ खरंच मोजतं का हे बघायचंय? ते काढून गुंडाळलेल्या टॉवेलवर बांधा आणि मोजणी लावा. प्रामाणिक घड्याळ 'मोजता येत नाही' म्हणतं. टॉवेलचा ऑक्सिजन ९८ आला, तर त्या घड्याळाच्या कुठल्याही आकड्यावर वेळ घालवू नका.

रक्तदाबाचं बटण फुगणाऱ्या पट्ट्याशिवाय असेल तर ते अंदाज देतं. सॅमसंगसारखी कंपनीसुद्धा दंडाच्या रक्तदाब यंत्राशी दर २८ दिवसांनी घड्याळ जुळवून घ्यायला सांगते. मग दीड हजारांच्या घड्याळाने काहीही न जुळवता दाखवलेल्या १२०/८० वर गोळी कमी करणं हा आततायीपणा झाला. साखरेचं तर नावच काढू नका: सुई न टोचता स्वतःहून रक्तातली साखर मोजतो म्हणणाऱ्या घड्याळांपासून आणि अंगठ्यांपासून दूर राहा, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. असं एकही यंत्र त्यांनी मंजूर केलेलं नव्हतं. मधुमेह्यांनी इन्शुलिनचा डोस यावर ठरवला तर जिवावर बेतेल.

कॅलरींबद्दल एकच आकडा पुरे. स्टॅनफर्डच्या २०१७ च्या अभ्यासात सात यंत्रं तपासली. नाडी बहुतेकांची चांगली आली, पण कॅलरींत सगळ्यात बरं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. ४०० कॅलरी जाळल्या म्हणून वडापाव हा हिशेब तिथेच कोसळतो. पावलं त्यामानाने ठीक मोजली जातात, फक्त आरतीच्या टाळ्या, कणीक मळणं आणि खड्ड्यांतली स्कूटर त्यात जमा होते, आणि मॉलमध्ये ट्रॉली ढकलत चाललेली गळते.

एचआरव्ही (हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमी-जास्त होतं) हा आकडा दुसऱ्याशी कधीच ताडू नका. ॲपल तो एका सूत्राने काढतं, बरीचशी इतर घड्याळं दुसऱ्या. नवऱ्याचा ३२ आणि बायकोचा ६१ यात भांडायला काही नाही. घड्याळाच्या सॉफ्टवेअरचं अपडेट आल्यावर झोपेचे टप्पेही अचानक बदलतात, कारण मागचं गणित बदललेलं असतं. अपडेटच्या आधीचे आणि नंतरचे महिने शेजारी ठेवू नका.

पायरी ५: दोन आठवड्यांची वही

घड्याळाची खरी किंमत कळायला कागद लागतो. उशाशी वही ठेवा. सकाळी उठल्यावर, ॲप उघडायच्या आधी, पाच गोष्टी लिहा: दिवा कधी घालवला, अंदाजे किती वेळाने झोप लागली, मध्ये किती वेळा उठलात, शेवटी जाग कधी आली, आणि आता कसं वाटतंय. चहा-कॉफी शेवटची कधी घेतली आणि दारू घेतली का, तेही. दोन आठवड्यांनी शेजारी घड्याळाचे आकडे मांडा.

बहुतेकांना असं दिसेल की झोपायची आणि उठायची वेळ बऱ्यापैकी जुळते, झोप लागायला गेलेला वेळ घड्याळ कमी दाखवतं, आणि गाढ झोपेच्या आकड्याचा सकाळच्या ताजेपणाशी फारसा मेळ बसत नाही. यापुढे घड्याळातल्या दोनच गोष्टी नियमित बघा: झोपण्या-उठण्याच्या वेळा रोज किती सरकतात, आणि विश्रांतीच्या नाडीची आठवड्याची सरासरी. ताप, जागरण, दारू यांनी ती नाडी चढते, आणि तो बदल मनगटावर बऱ्यापैकी खरा दिसतो. स्कोअर मुख्य पडद्यावरून काढून टाका. तो सुधारण्याच्या नादात झोप उडणाऱ्यांची संख्या इतकी झाली की २०१७ मध्ये अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांनी या प्रकाराला 'ऑर्थोसोम्निया' असं नावच देऊन टाकलं.

डॉक्टरकडे कधी, आणि काय घेऊन

अनियमित ठोक्यांची सूचना पुन्हा पुन्हा आली तर कार्डिऑलॉजिस्टना दाखवा, घड्याळात ईसीजी असेल तर त्याची पीडीएफ घेऊन. पण छातीत दुखतंय, घाम सुटलाय आणि घड्याळाचा ईसीजी 'नॉर्मल' म्हणतोय, तर घड्याळाचं ऐकू नका. ते हार्ट अटॅक ओळखत नाही, तसं कंपन्याच लिहून देतात. लगेच १०८ ला फोन करा.

स्लीप ॲप्नियाच्या (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या विकाराच्या) सूचनेला सॅमसंगला फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि ॲपलला सप्टेंबर २०२४ मध्ये एफडीएची मंजुरी मिळाली. ती मध्यम ते तीव्र त्रासासाठी आहे. सूचना आली नाही म्हणजे ॲप्निया नाही, असं नव्हे. मोठमोठ्याने घोरणं, झोपेत श्वास थांबल्याचं घरच्यांना दिसणं, सकाळी डोकं जड, दुपारी गाडी चालवताना डोळा लागणं, यातलं काही असेल तर घड्याळ काय म्हणतंय याची वाट न बघता कान-नाक-घसा किंवा छातीविकार तज्ज्ञांकडे जा. ते दिवसा किती झोप येते हे बघणारी आठ प्रश्नांची एपवर्थ मोजपट्टी भरून घेतील आणि गरज वाटली तर झोपेची तपासणी सांगतील. ती अनेक शहरांत आता घरीसुद्धा होते.

जाताना स्कोअरचे स्क्रीनशॉट पन्नास नकोत. दोन आठवड्यांची वही, चालू औषधांची यादी (रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी संथ ठेवतात, ते त्यांना माहीत असायला हवं) आणि घरातल्या कोणीतरी रात्री मोबाइलवर घेतलेला मिनिट-दोन मिनिटांचा घोरण्याचा व्हिडिओ न्या. व्हिडिओत छातीची हालचाल दिसेल इतका उजेड ठेवा आणि घोरणं मध्येच थांबलं तर रेकॉर्डिंग बंद करू नका; त्या शांततेनंतर श्वास कसा परत येतो हेच डॉक्टरांना बघायचं असतं.